भाग ३७ : थंडीतली शिकार, कॅम्परमधलं घर

लोकलमध्ये उभ्याने ऐकणाऱ्यांना, पोळ्या लाटता लाटता ऐकणाऱ्यांना, आणि ऐकायला वेळ नाही म्हणून इथे वाचणाऱ्यांना, सगळ्यांना नमस्कार.

मागच्या भागात मी जाता जाता बोलून गेले की नोव्हेंबरात आम्ही घरचे सगळे हरणाच्या शिकारीला जातो, आणि त्यावर जे मेसेज आले ते मी अजून वाचतेय. अर्ध्या लोकांचा प्रश्न, "हे तिकडे कायदेशीर आहे?" उरलेल्यांचा, "चव कशी असते?" आणि एकीने फक्त रडणारा इमोजी पाठवला. तिघांनाही उत्तर द्यायचा प्रयत्न करते. बोलणार आहे मुख्यतः तयारीबद्दल, कारण शिकारीतला गोळी झाडण्याचा भाग काही सेकंदांचा असतो आणि तयारी जूनपासून चालू असते.

आधी नवीन ऐकणाऱ्यांसाठी. मी मूळची कराडची. गेली पंधरा वर्षं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरात राहते. नवरा इथलाच. आम्हाला बारा वर्षांची एक मुलगी. सासरे सत्तरी ओलांडलेले. त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ कधी वळली नाही, म्हणून मी त्यांना 'पा' म्हणते. त्यांना वाटतं मराठीत सासऱ्याला असंच म्हणतात. मी खुलासा केलेला नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा असं माझं मत आहे. तिथे हरणं कमी आणि माणसं उदंड. इथे विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीची हरणं दहा लाखांच्या वर आहेत. ती शेतात घुसतात, हायवेवर गाड्यांना धडकतात, आणि जंगलात नवीन झाडाचं रोपटं गुडघ्याच्या वर येऊ देत नाहीत. लांडगे एके काळी इथून जवळजवळ संपवले गेले. आता थोडे परत आलेत, तेही उत्तरेकडे. बाकी हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची ती थंडीने आणि शिकाऱ्यांनी. आल्डो लिओपोल्ड हे नाव ऐकलं असेल, पर्यावरणाबद्दल लिहिणारे. ते आमच्याच मॅडिसनच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. १९४० च्या दशकात त्यांनी सांगितलं की हरणं कमी करा, माद्यासुद्धा मारा, नाहीतर जंगल आणि हरणं दोन्ही उपाशी मरतील. लोक त्यांच्यावर खवळले होते. शिकारीच सगळ्यात जास्त खवळले होते, ही गंमत.

दुसरं, पैसा. १९३७ पासून इथे एक कायदा आहे. रायफल, शॉटगन आणि काडतुसं विकली गेली की त्यावर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो वन्यजीवांच्या कामाला जातो. म्हणजे मी काडतुसांचा डबा घेते तेव्हा थोडं जंगलही विकत घेते, असं पा म्हणतात. मला हे जरा सोयीचं गणित वाटतं, पण खोटं नाही.

बरं, आता आमचा मोसम. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा मोसम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि त्यानंतरच्या रविवारी संपतो. यंदा, २०२५ मध्ये, २२ ते ३० नोव्हेंबर. इथे त्या आठवड्याला दिवाळीच्या सुट्टीसारखी कळा असते. ऑफिसं अर्धी रिकामी, पेट्रोल पंपावर केशरी जॅकेटांची गर्दी, आणि उत्तरेकडच्या गावांत शाळासुद्धा जरा सैल.

आम्ही जातो उत्तरेला, शेवामेगन-निकोले या राष्ट्रीय वनात. लिहिताना स्पेलिंग बघून उच्चार करायला जाऊ नका, मी पहिली दोन वर्षं चुकीचाच करत होते. एकूण पंधरा लाख एकरांचं जंगल, तुकड्यातुकड्यांत पसरलेलं. मॅडिसनहून चार तास. मागे ट्रेलर असला की पाच, आणि बर्फ असला की जेव्हा पोचाल तेव्हा.

कागदपत्रांपासून सुरुवात करते. १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्या कुणालाही इथे शिकारीचा परवाना काढायचा तर आधी सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. मी आणि लेक, दोघींनी तो गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकत्र केला. लेक तेव्हा अकराची होती. परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क. पा १९७३ च्या आधीचे, त्यांना कोर्स लागत नाही, तरी येऊन मागच्या बाकावर बसायचे. तिथे चार गोष्टी घोटून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची पक्की खात्री करायची. आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर. लेक हे चार नियम आता टीव्हीवरच्या सिनेमातल्या पोलिसांना लावते आणि जवळपास सगळ्यांना नापास करते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी कोर्स केला असला तरी सोबत पालक किंवा त्यांनी परवानगी दिलेला मोठा माणूस हवा. सोबत म्हणजे किती जवळ? तर नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय. वॉकीटॉकी चालत नाही, फोन चालत नाही. अपवाद चष्म्याचा आणि कानाच्या मशीनचा. हे वाक्य वर्गात वाचलं तेव्हा पा कानाचं मशीन काढून हातात धरून म्हणाले, "म्हणजे मी कायदेशीर आहे." (हसते) त्यांच्या मशीनच्या जादा बॅटऱ्या आमच्या सामानात पहिल्या क्रमांकावर असतात, काडतुसांच्याही आधी.

आपल्यातले जे नोकरीच्या व्हिसावर इथे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा तिला एक अपवाद आहे. म्हणजे मित्राबरोबर सहज म्हणून नेमबाजीच्या रेंजवर गेलात तरी अडचणीत येऊ शकता. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. शंभर-दोनशे डॉलर जातील, जाऊ द्या.

आता कॅम्पर. आमचा एकोणीस फुटी ट्रेलर आहे, जुना. उन्हाळ्यात कॅम्पर घेऊन जाणं म्हणजे सहल. नोव्हेंबरच्या शेवटी तीच वस्तू म्हणजे पत्र्याचा डबा, आणि बाहेर रात्रीचे उणे दहा अंश. सकाळी सातला उजाडतं, संध्याकाळी साडेचारच्या आत सूर्य बुडतो. चौदा तासांहून मोठी रात्र. तयारी खरी त्या रात्रीची करायची असते.

पाणी आधी. कॅम्परच्या नळांत पाणी ठेवायचंच नाही. ऑक्टोबरातच सगळं काढून टाकून नळ्यांत ते गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, नाहीतर पाणी गोठतं, फुगतं आणि नळ्या फाटतात, आणि ते कळतं थेट एप्रिलमध्ये. सरकारी कॅम्पग्राउंडचे नळही तोवर बहुतेक बंद केलेले असतात. आम्ही प्यायचं पाणी कॅनमधून नेतो आणि रात्री आतल्या पॅसेजमध्ये ठेवतो. भांडी कमीत कमी. आंघोळ, क्षमा असावी, नाही. चौथ्या दिवशी गावातल्या ट्रक स्टॉपवर पैसे देऊन गरम शॉवर घेतो. त्या शॉवरइतकं सुख मला गणपतीपुळ्याच्या समुद्रानेही दिलेलं नाही.

गॅस. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास गॅस व्हायचंच थांबतं. इथे कॅम्परला प्रोपेन वापरतात, ते उणे ४२ पर्यंत उकळत राहतं, म्हणून चालतं. आपलं सिलिंडर १४.२ किलोचं, इथलं नेहमीचं वीस पौंडी, म्हणजे ९ किलोचं. आमच्या हीटरच्या हिशेबाने एक सिलिंडर थंडीत दीड-पावणेदोन दिवस पुरतं. चार माणसं, नऊ दिवस. आम्ही दोन जोडलेली आणि दोन जादा नेतो, आणि अर्ध्यात गावात जाऊन भरून आणतो.

पण गॅस असून उपयोग नाही, आणि हे आम्ही फार वाईट पद्धतीने शिकलो. कॅम्परचा हीटर जळतो प्रोपेनवर, पण गरम हवा ढकलणारा पंखा चालतो बॅटरीवर. आमचा पंखा चालू असताना सात अँपिअरच्या आसपास खातो. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे असतात, वर थंडीत तिची ताकद आणखी घटते. भागाकार करून बघा. सहा-सात तास. रात्र चौदा तासांची.

दोन वर्षांपूर्वी, मोसमाच्या दुसऱ्या रात्री, एक वाजता पंखा बंद पडला. मला जाग आली ती लेकीच्या दातांच्या आवाजाने. आत तीन अंश. नवरा उठला आणि झोपेतच म्हणाला, "शेगडी पेटवतो, तासाभरात गरम होईल." त्याचा हात लायटरवर होता. पा वरच्या बर्थवरून खाली आले, ते काही बोलले नाहीत, त्यांनी गॅसचा कॉक बंद केला. मग म्हणाले, "सगळे गाडीत." रात्री दीड वाजता, पायजम्यावर जॅकेट चढवून, लेकीला रजईसकट उचलून आम्ही पन्नास मिनिटांवरच्या मोटेलात गेलो.

बंद जागेत शेगडी किंवा कोळशाचा बार्बेक्यू पेटवून ऊब घेणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि झोपच येत राहते. दरवर्षी कुठे ना कुठे कॅम्परमध्ये, तंबूत, मासेमारीच्या खोपटात माणसं अशी जातात. आमच्याकडे तेव्हाही अलार्म होता. पण झोपेतला, गारठलेला बाप अलार्म वाजायची वाट बघत नाही, तो मुलीला ऊब द्यायला बघतो. म्हणून आता निर्णय रात्री एक वाजता घ्यायचा नाही. रात्री नऊला बॅटरीचं मीटर बघायचं. १२.२ व्होल्टच्या खाली काटा असेल, म्हणजे निम्मी संपली असेल, तर जनरेटर लावून भरायची. जनरेटर कॅम्परपासून वीस फूट लांब, धूर वाऱ्याने खिडकीकडे येणार नाही अशा बाजूला. जनरेटर सुरू होत नसेल तर त्याच वेळी, जागेपणी, मोटेल. चर्चा नाही. हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, इंग्रजीत आणि खाली मराठीत. मराठी कुणासाठी? माझ्यासाठी. घाबरले की मला मराठीच वाचता येतं.

तुम्ही लिथियम बॅटरी घेणार असाल तर तिची वेगळी गोम. ती शून्याखाली वापरता येते, पण शून्याखाली चार्ज करायची नसते, खराब होते. म्हणजे ती आत, उबेत ठेवायची.

स्वयंपाकाचं थोडक्यात. हरणाचं नाक म्हणजे नाकच. शिकारीचे कपडे कॅम्परच्या आत ठेवायचे नाहीत, बाहेर झाकणाच्या पेटीत. आणि मोसम संपेपर्यंत आत फोडणी बंद. पहिल्या वर्षी मी हिंग-लसणाची खमंग फोडणी देऊन डाळ केली, आणि पा म्हणाले, "डाळ उत्तम आहे. आता आपल्या चार मैलांत एकही हरीण नाही." तेव्हापासून घरून शिजवून, गोठवून नेते. मेतकूट-भात, थालीपिठं, आणि पा यांचं चीज घातलेलं काहीतरी.

कॅम्पर उभा करतानाही बघावं लागतं. राष्ट्रीय वनात घर, इमारत किंवा मुक्कामाच्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. रस्त्यापलीकडेही नाही. म्हणजे कॅम्परच्या दारात खुर्ची टाकून चहा पिता पिता शिकार, हे विसरा. सप्टेंबरात आम्ही मोकळ्या हाताने येऊन जागा बघून जातो. ओकची झाडं कुठे आहेत, पायवाटा कुठे मिळतात, नरांनी शिंगं घासून खोडांची साल कुठे काढलीय. आणि वारा. नोव्हेंबरात तिथे वारा बहुधा वायव्येकडून, म्हणून आमची बसायची जागा वाटेच्या आग्नेयेला.

कपडे. कमरेच्या वरचा निम्मा तरी पृष्ठभाग झगझगीत केशरी हवा. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो. लेकीने गुलाबी घेतला. जोतिबाच्या यात्रेतून आल्यासारखी दिसते. हरणांना केशरी-लाल रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, माणसांना मात्र लांबून दिसतात, आणि त्या नऊ दिवसांत जंगलात माणसाला माणूस दिसणं फार गरजेचं असतं. मी सावळी, दाट झाडीत, करड्या उजेडात. माझ्या अंगावर निम्म्याच्या ऐवजी सगळंच केशरी असतं.

आता गेल्या वर्षीचं सांगते. हे सांगावं की नाही, असा विचार करत होते.

गेल्या मोसमात मी पहिल्यांदा स्वतः बंदूक घेऊन बसले. पहिले तीन वर्षं नुसती पा यांच्या शेजारी बसायचे. दुसरा दिवस, संध्याकाळचे सव्वाचार. सूर्य टेकलेला, कायद्याने वेळ संपलेली नव्हती. एक नर आला, सव्वाशे यार्डांवर. मी सरावात शंभरच्या पुढे कधी मारलं नव्हतं. दिवसभर हातपाय गारठलेले, नऊ तास काही दिसलं नव्हतं, आणि मनात एकच, आता नाहीतर नाही. मी झाडली. तो दचकला, वाकला आणि पळाला.

नियम असा की अर्धा तास थांबायचं. जखमी जनावर मागे लागलं नाही तर जवळच बसतं. आम्ही थांबलो. बंदूक रिकामी करून ठेवली, टॉर्च घेऊन निघालो. पानांवर रक्ताचे चार-सहा थेंब, मग दोन, मग एक. रात्री आठला बर्फ पडायला लागला आणि खुणा झाकल्या गेल्या. अकरापर्यंत शोधत होतो. सकाळी नवऱ्याला कावळे दिसले. दोनशे मीटरवर, दलदलीच्या कडेला. रात्रीत कोयोटींनी खाऊन टाकलेला. गोळी पोटात लागली होती. म्हणजे तो लगेच गेला नव्हता.

पा यांनी शिंगं मोजली नाहीत, फोटो काढला नाही. मी म्हटलं, तो माझा नर होता, माझा मोसम संपला. बंदूक पेटीत घातली आणि उरलेले सात दिवस चहा करत बसले. कुणी आग्रह केला नाही.

त्या सात दिवसांत आमच्या कपाटाच्या दारावरचा कागद लांबला. गोळी कधी झाडायची यापेक्षा कधी झाडायची नाही, हे त्यात जास्त आहे. प्रत्येकाने ऑक्टोबरात रेंजवर जाऊन कागदी जेवणाच्या प्लेटवर पाच गोळ्या मारायच्या. ज्या अंतरावरून पाचही प्लेटमध्ये बसतात ते त्याचं अंतर. पलीकडे हरीण नाचत असलं तरी नाही. यंदा पा यांचं दीडशे यार्ड, नवऱ्याचं सव्वाशे, माझं ऐंशी. हो, गेल्या वर्षीपेक्षा कमी. हात कापतो माझा आता. लेकीचं साठ. वेळ संपायच्या आधीची वीस मिनिटं नाही, कारण मग शोधायला उजेड उरत नाही. पळतं हरीण नाही. समोर तोंड करून उभं असलेलं नाही, आडवंच हवं, म्हणजे खांद्यामागे हृदय आणि फुप्फुसं मिळतात. जोराचा बर्फ येणार असेल त्या संध्याकाळी तर बाहेर बसायचंच नाही.

नवरा म्हणाला, "इतक्या नियमांत आपल्याला एकही हरीण मिळणार नाही." पा म्हणाले, "मग चिकन खाऊ."

मांसाचं आता. ज्यांनी चव विचारली त्यांच्यासाठी : बोकडापेक्षा कोरडं, चरबी जवळजवळ नाही, कांदा-लसूण मसाल्याच्या रश्शात अप्रतिम. पण लगेच खायचं नाही. हरणांत एक मेंदूचा रोग आहे, इंग्रजीत त्याला सीडब्ल्यूडी म्हणतात. बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, गाईंच्या 'मॅड काउ'च्या घराण्यातला. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला. माणसाला झाल्याची एकही खात्रीची नोंद नाही, पण लागण असलेल्या जनावराचं मांस खाऊ नका असं अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते. आणि शिजवून तो जात नाही. आमच्या राज्यात तपासणी फुकट आहे. ठरलेल्या पेटीत हरणाचं डोकं, पाच इंच मानेसकट, चिठ्ठी लावून ठेवायचं. निकालाला साधारण दोन आठवडे.

यावरून घरात भांडण झालेलं आहे. पा यांच्या घरची तीन पिढ्यांची रीत : पहिल्या हरणाच्या पाठीच्या आतली मऊ पट्टी त्याच रात्री लोण्यात परतून खायची. आपल्याकडे नव्या तांदळाचा पहिला भात जसा. आता दोन आठवडे थांबायचं म्हणजे थँक्सगिव्हिंग होऊन जाणार. ते म्हणाले, मी साठ वर्षं खातोय. मी म्हटलं, तुम्ही खा, लेक खाणार नाही. त्यांनी ती रात्र आणि पुढची रात्र फक्त ब्रेड खाल्ला. तिसऱ्या दिवशी स्वतः डोकं घेऊन पेटीपर्यंत गाडी चालवत गेले. तेव्हापासून प्रत्येक जनावराचं मांस वेगळं बांधतो, वर तारीख आणि नंबर, आणि निकाल येईपर्यंत फ्रीजरला हात नाही. जनावर मिळाल्याची ऑनलाइन नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते. तिथे नेटवर्क नाही, तेव्हा गावाची एक फेरी त्यातच जाते.

परतीचं एकच सांगते. मांसाचे कूलर ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधू नका. हुकवर येणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवं. मागे भार झाला की पुढचा भाग हलका होतो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. सगळं जड सामान चाकांच्या पुढे.

हे सगळं मी मागच्या रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर सांगत होते. आई कराडला असते, वीस वर्षं माळकरी आहे. मी शिकारीला जाते हे तिला ठाऊक आहे, आवडत नाही, पण ती त्यावर बोलत नाही. मी मोठ्या कौतुकाने कपाटाच्या दाराचा फोटो दाखवला. बॅटरी, गॅस, अंतरं, वेळा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, सगळं लिहिलंस. पोरीला विचारलंस का?"

म्हटलं, "विचारलं ना. तिला यायचंय."

"यायचंय ते मला कळलं. मारायचंय का, ते विचारलंस का?"

मी गप्प. नव्हतं विचारलं. कोर्स केला, बंदूक तिच्या खांद्याला बसेल अशी, कमी धक्क्याची घेतली, गुलाबी जॅकेट घेतलं, प्लेटवर पाचही गोळ्या बसल्या तेव्हा आईस्क्रीम दिलं. इतक्या पायऱ्या चढवल्यावर बारा वर्षांची मुलगी वर जाऊन नाही कशी म्हणेल?

त्या रात्री विचारलं. ती बराच वेळ मोजे घालत-काढत बसली. मग म्हणाली, "माहीत नाही. तिथे गेल्यावर कळेल. आधी सांगितलंच पाहिजे का?"

जेवताना मी हे पा यांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील, किंवा पहिल्या हरणाच्या गोष्टी काढतील. त्यांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, "मला बाराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं." एवढंच. पुढे काही नाही. नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, हे त्यालाही नवीन होतं.

तर यंदाची बैठक बदललीय. लेक माझ्याबरोबर बसणार. माझी बंदूक मी नेणार नाही, एकच बंदूक, तिची. हरीण आलं, अंतरात आलं, आडवं उभं राहिलं, तरी मी "आता" म्हणणार नाही. पा यांनीही शपथ घेतलीय. तिने झाडली तर झाडली, नाही झाडली तर हरीण चालत जाईल आणि आम्ही थर्मासमधला चहा पिऊ. संध्याकाळी कॅम्परमध्ये "का नाही मारलंस" हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. हे दारावरच्या कागदात सगळ्यात खाली तिने स्वतः लिहिलंय, तिच्या वाकड्या देवनागरीत. 'का' चा काना राहिलाय, आम्ही तसाच ठेवलाय.

शुक्रवारी, २१ तारखेला निघतोय. अजून टायरची हवा बघायचीय, जादा सिलिंडर भरायचेत, पा यांच्या मशीनच्या बॅटऱ्या आणायच्यात, आणि आईने पाठवलेलं मेतकूटाचं पार्सल वाटेत कुठेतरी अडकलंय. तिथे नेटवर्क नाही, त्यामुळे पुढचा भाग ७ डिसेंबरला. काय झालं ते सांगेन. म्हणजे, लेकीने सांगू दिलं तर.

चला, काळजी घ्या.